विजेवरची पिकअप सांगलीत चालवायची तर: फेरी, मीटर आणि घाट

मार्केट यार्डात गाडी आडवी लावली की हमालांपैकी कोणीतरी हौद्यावर थाप मारून विचारतंच, "मालक, एका चार्जिंगवर किती पळती?" सुरुवातीला मी आकडा सांगायचो. आता उलट विचारतो, "तुझी रोजची फेरी किती?" बहुतेकांना सांगता येत नाही. "पन्नास-साठ असंल. कधी शंभर बी हुतंय." इलेक्ट्रिक पिकअप परवडणार की गळ्यात पडणार, हे या 'असंल'मध्येच ठरतं.

माझं काम असं. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तासगाव भागातल्या शेडवरून बेदाण्याच्या पेट्या उचलायच्या आणि सांगली-कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजला टाकायच्या. उरलेलं वर्ष किराणा, पशुखाद्य, रंगाचे डबे, मिळेल ते भाडं. आधी डिझेलचा छोटा हत्ती होता, आता विजेवरची गाडी आहे. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे.

आधी वही, मग शोरूम

शोरूममध्ये जायच्या आधी पंधरा दिवस एक शंभर पानी वही गाडीत ठेवा. रोज चारच गोष्टी लिहायच्या: सकाळचं किलोमीटर, रात्रीचं किलोमीटर, जास्तीत जास्त किती वजन भरलं आणि गाडी एका जागी सलग किती तास उभी होती. शेवटचा रकाना लोक सोडून देतात, पण चार्जिंग त्याच तासांत होणार असतं. मी लिहिलं तेव्हा कळलं की माझी गाडी रात्री दहा ते सकाळी सहा तर उभी असतेच, शिवाय दुपारी कोल्ड स्टोरेजच्या दारात नंबर लागेपर्यंत दीड-दोन तास नुसती तापत उभी असते.

पंधरा दिवसांनी सरासरी काढू नका. सरासरी फसवते. सगळ्यात लांबचा दिवस शोधा आणि तसा दिवस महिन्यात किती वेळा येतो ते मोजा. माझी नेहमीची फेरी ७५ ते ८० किलोमीटरची निघाली. महिन्यातून दोन-तीन दिवस दीडशेच्या वर होते, तेही कराड किंवा साताऱ्याच्या भाड्यामुळे. त्या दोन-तीन दिवसांसाठी महिनाभर डिझेल जाळायचं का, एवढाच प्रश्न उरला. ते दिवस मी आता शेजारच्या डिझेलवाल्याला देतो, त्याच्या जवळपासच्या फेऱ्या तो मला देतो.

तुमची रोजची फेरी कागदावरच्या रेंजच्या, म्हणजे कंपनी सांगते त्या एका चार्जिंगवरच्या अंतराच्या, दोन तृतीयांशात बसत असेल आणि गाडी रात्री तुमच्याच दारात येत असेल, तर पुढे वाचा. भाडं आज मिरज, उद्या बेळगाव, परवा पनवेल असं असेल तर सध्या डिझेलच बरं. हे मी गाडी घेतलेला माणूस म्हणून सांगतोय.

कागदावरची रेंज

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात लिहिलेली असते. त्याला घाबरायचं कारण नाही, एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं एक युनिट. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या टाटा एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटची आणि सांगितलेली रेंज १५४ किलोमीटर. २०२४ मध्ये एक टन माल नेणारी आवृत्ती आली, तिची रेंज १६१ सांगतात. त्याच वर्षी महिंद्राची झिओ आली. २०२५ मध्ये आलेली एस प्रो ईव्ही आणखी छोटी, १४.४ युनिटची, साडेसातशे किलो माल नेणारी. हे रेंजचे आकडे ठरावीक चाचणीतले असतात. त्या चाचणीत योगेवाडीचा चढ नसतो, समोरून घोंघावणारा वारा नसतो आणि ताडपत्रीही फडफडत नसते.

ताडपत्रीवर थोडं थांबतो. एकदा रिकामे प्लास्टिक क्रेट भरून निघालो. वजन जेमतेम दोनशे किलो, पण थर केबिनच्या वर दीड हात. ताडपत्री सैल बांधलेली, मागचं टोक सुटून साठच्या वेगात फटाफट वाजत होतं. घरी आल्यावर पाहिलं तर सहाशे किलो बेदाणा घेऊन आलो असतो तरी इतकी बॅटरी गेली नसती. तेव्हापासून दोरी आवळूनच निघतो, आणि उंच थर असेल तर पंचेचाळीसच्या वर जात नाही. टायरमधल्या हवेचंही तसंच. दर सोमवारी हवा तपासली तर एका चार्जिंगमागे चार-पाच किलोमीटर सहज हाती लागतात.

साध्या हिशेबासाठी एक आकडा धरा. २१ युनिटची बॅटरी, भरलेली गाडी आणि आपले रस्ते असतील तर किलोमीटरला ०.१८ युनिट. म्हणजे पूर्ण बॅटरीत ११५-१२० किलोमीटर. त्यातले शेवटचे १५ टक्के नसल्यातच जमा करा. उरतात शंभर. ऊसतोडीच्या हंगामात रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी तुंबलेला असला की डिझेलवाले हॉर्न वाजवत बसतात. तिथे आपली गाडी मात्र फायद्यात असते, कारण वेग कमी आणि उभी असताना मोटर काहीच खात नाही.

पासिंग आणि कागदं

पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेलं मालाचं वजन, किती ते नीट विचारा. सहाशे किलो पासिंगच्या गाडीत हजार किलो भरायची सवय इथे जुनीच आहे. डिझेल गाडी कुरकुरत ओढते. इलेक्ट्रिक तर कुरकुरतही नाही, गुपचूप ओढते. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, चांगला असल्यामुळे जाणवत नाही, पण बॅटरी आणि मोटर तापतात आणि पुढे वॉरंटीचा वाद झाला की गाडीतल्या संगणकात सगळं नोंदलेलं निघतं. दीड टनाचं काम असेल तर दीड टनाचीच गाडी बघा.

साडेतीन टनांच्या आतल्या मालवाहू चारचाकीला केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेतून अनुदान नाही. त्यातला ट्रकचा भाग त्याहून मोठ्या गाड्यांसाठी आहे. तरीही बाकीची बचत आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, तर सप्टेंबर २०२५ पासून डिझेल मालवाहूवर तो १८ आहे. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट मिळते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. नंबरप्लेट हिरवी, तीवर पिवळी अक्षरं. राज्याच्या योजनेतून काही सवलत मिळेल असं विक्रेता म्हणत असेल तर ती कोटेशनवर लिहून घ्या आणि 'नंतर खात्यावर येईल' ही रक्कम हिशेबात धरू नका. फिटनेस मात्र करावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर हे सगळेच विचारतात. तुम्ही आणखी एक विचारा: क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार? हा आकडा वॉरंटीच्या पुस्तकात बोट ठेवून दाखवायला लावा. आणि तुमच्या गाडीला जलद चार्जिंगचं तोंड आहे का, तेही पाहून घ्या. काही स्वस्त मॉडेलना ते नसतंच. मग हायवेवरच्या चार्जरकडे नुसतं बघत जायचं.

मीटर: खरी बचत इथे

हा भाग सावकाश वाचा, कारण माझे पहिले चार महिने इथेच गेले.

मी सुरुवातीला घरच्याच मीटरवर गाडी लावली. हिशेब सोपा वाटला होता. किलोमीटरला ०.१८ युनिट बॅटरीतून जातं, चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर ०.२ धरायचं. रोज ८० किलोमीटर म्हणजे १६ युनिट, पंचवीस दिवसांचे ४००. घरचा वापर दीडशे. एकूण साडेपाचशे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात हे माहीत होतं, पण पहिल्या १०० युनिटांचा दर आणि ५०० च्या वरचा दर यांत दुपटी-तिपटीचं अंतर आहे, हे बिल हातात आल्यावर कळलं. बायकोने बिल फ्रिजवर चिकटवून ठेवलं, काही न बोलता.

आता तुलना करा. छोटा डिझेल टेम्पो लिटरला पंधरा देतो आणि डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये. वीज नऊ रुपयांनी पडली तर किलोमीटरला १ रुपया ८० पैसे. तीच वरच्या टप्प्यात अठरा रुपयांनी पडली तर ३ रुपये ६० पैसे. गाडी तीच, फेरी तीच, तरी ऐंशी किलोमीटरच्या दिवसाला १४४ रुपयांचा फरक. बाहेरच्या चार्जरवर सेवाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरून दर याच्याही वर जातो. रोज तिथेच चार्ज करायचं असेल तर ही गाडी घेण्यात अर्थ नाही.

उपाय म्हणजे गाडीसाठी स्वतंत्र कनेक्शन. विद्युत वाहन चार्जिंगची महावितरणकडे वेगळी वर्गवारी आहे आणि तिथे असा चढता टप्पा नाही. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या बदलानुसार चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. नव्या कनेक्शनला महापालिका-नगरपालिका हद्दीत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी मुदतही त्यातच आहे. अर्ज ऑनलाइन भरा, पण त्याची प्रत घेऊन सेक्शन ऑफिसलाही जाऊन या. भार मागताना उगाच दहा किलोवॅट मागू नका, स्थिर आकार त्यावर बसतो. सोबत येणारा साधा चार्जर तीन-साडेतीन किलोवॅटचा असेल तर पाच पुरे.

या वर्गवारीत दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतो. सध्याचा कल दुपारच्या उन्हाच्या तासांत स्वस्त आणि संध्याकाळी महाग असा आहे. म्हणून मी आठ वाजता आलो तरी लगेच बटण दाबत नाही. प्लग लावून ठेवतो आणि टायमर रात्री साडेबाराचा. साडेतीन किलोवॅटने सोळा युनिट पाच तासांत भरतात, साडेपाचला गाडी तयार.

आणि शेतीपंपाची लाइन. हे लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. शेतात डीपी आहे, मोटर आहे, मग तिथूनच गाडी लावली तर काय बिघडतं, असं मला निदान दहा जणांनी विचारलं असेल. बिघडतं. मंजूर कारण सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली की विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीची लाइट आठवड्यागणिक दिवसाची-रात्रीची होते, व्होल्टेज झोके खातं, आणि एका झोक्यात गाडीतला चार्जर गेला तर त्या पैशात पंपाच्या दोन मोटारी येतील.

घरावर सोलर असेल तर नेट मीटरिंगमुळे दिवसाची वीज रात्री वापरल्यासारखी होते. तीन किलोवॅटचा संच दिवसाला साधारण बारा युनिट देतो. पण त्यासाठी गाडी घरच्याच मीटरवर ठेवावी लागेल, तेव्हा दोन्ही हिशेब एकदा समोरासमोर मांडून बघा.

प्लग, वायर, अर्थिंग

आमचे वायरमन आण्णा पहिल्या दिवशी आले, भिंतीवरचा गिझरचा पॉइंट बघून म्हणाले, "ह्यावर चालंल की." चाललं. आठव्या दिवशी प्लगचं एक तोंड चॉकलेटी झालं होतं आणि खोलीत वितळलेल्या प्लास्टिकचा वास. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी पाच-सहा तास सलग तेवढाच करंट ओढते. घरगुती सॉकेट त्यासाठी नसतं.

मग नीट करून घेतलं ते असं. मीटरपासून थेट वेगळी लाइन, चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, मध्ये कुठेही जोड नाही. निळ्या रंगाचं औद्योगिक सॉकेट, झाकणाचं, पावसाच्या झडीपासून आडोशाला. जास्त करंट गेला की लाइन तोडणारा वेगळा एमसीबी, आणि करंट गळून शॉक बसायची वेळ आली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एक्स्टेन्शन बोर्ड नाही म्हणजे नाही, 'आजच्या दिवस' सुद्धा नाही.

अर्थिंगची गंमत वेगळी आहे. पंखा, फ्रिज, टीव्ही सगळं अर्थिंगशिवाय वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे ते नसल्याचं कोणाला कळतच नाही. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि बरोबर नसेल तर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. लोक समजतात चार्जर बिघडला. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट दिसतात ते आण्णांना बघायला सांगा. दोन-तीनच्या आत असेल तर ठीक. दहा-पंधरा दिसत असेल तर खड्डा नव्याने करा. आपल्याकडची काळी माती ओली असते तोवर झकास काम देते. एप्रिलमध्ये तिला भेगा पडल्या की अर्थिंग सुटतं. मी मार्चपासून दर रविवारी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. शेजारचे काका आधी तुळस लावलीय का म्हणून बघून गेले.

रोजची सवय

या छोट्या मालवाहू गाड्यांत बहुधा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी असते. ती उन्हाला आणि रोजच्या वापराला चिवट आहे. तिला रोज शंभर टक्के भरलं म्हणून ती लगेच खराब होत नाही. उलट आठवड्यातून एकदा पूर्ण भरू दिली तर काट्यावरचा आकडा खरा राहतो. नाहीतर या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ सपाट असतं आणि शिल्लक किती याचा अंदाज गाडीलाच चुकतो. माझी गाडी एकदा १९ वरून थेट ९ टक्क्यांवर आली होती, ती यामुळेच. शून्यावर नेऊन दोन दिवस उभी ठेवणं मात्र टाळा. दुपारी तापलेली गाडी आणल्या आणल्या जलद चार्जरला लावण्यापेक्षा वीस मिनिटं सावलीत उभी करा.

ड्रायव्हर दुसरा असेल तर गाडीपेक्षा त्याचा पाय महत्त्वाचा. एकाच फेरीत आमच्या गाडीवरच्या पोराला ५१ टक्के लागायचे, मला ४२. मी रागावलो नाही. वाचवलेल्या टक्क्यांवर महिन्याला बक्षीस ठेवलं. दोन महिन्यांत तो माझ्या पुढे गेला. पाय सोडला की गाडी आपोआप मंदावते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते, हे त्याला सिग्नलच्या खूप आधी पाय उचलायला शिकवून गेलं. फक्त गल्लीत जपून चालवायला सांगा. आवाज नसल्यामुळे पोरं आणि कुत्री बाजूला होत नाहीत.

लांबची फेरी: सांगली ते पाचगणी

एरवी मी नाही म्हणतो, पण एकदा ओळखीच्या हॉटेलवाल्याचा माल पाचगणीला पोचवायचा होता. त्या फेरीच्या हिशेबाचा कागद इथे उलगडून ठेवतो. नियोजन कसं करायचं ते आकड्यांतूनच कळेल.

बॅटरी २१ युनिट. इस्लामपूर, पेठ नाका करत कराड सुमारे ७२ किलोमीटर. तिथून सातारा ५२, पुढे वाई ३५, आणि पसरणी घाट चढून पाचगणी १२. सगळं मिळून १७१. पहिल्या विचारात वाटतं, कराडला एकदा भरली की झालं. मांडून बघू. कराडपर्यंत १३ युनिट गेले, ८ उरले. तिथे ९० टक्क्यांपर्यंत भरली, म्हणजे १९. सातारा आणि वाई मिळून ८७ किलोमीटर, जवळपास १६ युनिट. वाईत हातात ३. आणि घाट तर अजून सुरूही झालेला नाही.

घाटाचा हिशेब वेगळा करायचा असतो. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जवळ. भरलेली गाडी साधारण १,८५० किलोची. एवढं वजन पावणेसहाशे मीटर उचलायला निव्वळ तीन युनिट लागतात, मोटरचा तोटा धरून साडेतीन. त्यात बारा किलोमीटर रस्त्याचे नेहमीचे मिळवा. साडेपाचच्या वर युनिट. बारा किलोमीटरला बॅटरीच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्तच. सपाटीवर तेवढ्यात गाडी तासगावहून सांगलीला आली असती.

लक्षात ठेवायचा साधा नियम: भरलेली छोटी पिकअप दर शंभर मीटर चढाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज खाते. मोबाइलच्या नकाशावर सुरुवातीची आणि शेवटची उंची बघा, वजाबाकी करा आणि तेवढी वीज अंतराच्या हिशेबात वरून घाला.

म्हणून चार्जिंग कराडला थोडं आणि साताऱ्याला जास्त असं ठरवलं. कराडला सहा युनिट घेतले, साताऱ्यात चार युनिट घेऊन पोचलो. तिथे जेवण आणि तासभर झोप काढून १७ पर्यंत भरली. वाईत साधारण ५० टक्के, पाचगणीत २७. सकाळी सहाला निघालेला माणूस दुपारी दोनला पोचला. डिझेलने साडेअकराला पोचलो असतो. अडीच तासांचं भाडं कोणी देत असेल तरच असल्या फेऱ्या घ्या.

उतरताना एक चूक करू नका. पाचगणीत मुक्काम असेल आणि रात्रभर चार्जिंग मिळत असेल तरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज मावत नाही, गाडी पाय सोडल्यावर मंदावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नव्वदवर थांबा. परत मिळते तरी किती? रिकाम्या गाडीने पसरणी उतरलो तेव्हा काटा तीन टक्क्यांनी वर गेला. लोक सांगतात तेवढं काही मिळत नाही.

कोकणात जायचं तर हिशेब उलटा होतो. कोयनेकडून कुंभार्ली उतरून चिपळूणला जाताना सगळं छान वाटतं, चढ परतीला असतो. खाली चार्जिंगची सोय पक्की केल्याशिवाय तो घाट उतरू नका.

हायवेवरचे चार्जर

पुणे–कोल्हापूर रस्त्यावर हॉटेलांच्या आवारात चार्जर बरेच झालेत. नकाशावर दिसतो म्हणून चालू असेल असं मात्र नाही. एका हॉटेलवर मी ११ टक्क्यांवर पोचलो. वॉचमन खुर्चीतून न उठता म्हणाला, "लाइट गेलीया. जनरेटरवर फकस्त हॉटेल चालतंय." किती वेळ? "सांगता येत न्हाई. च्या घ्या." दोन चहा झाले. तेव्हापासून निघायच्या आधी फोन करतो, प्लगशेअर ॲपवर शेवटचं कोणी कधी चार्ज केलं ते बघतो, आणि एक चार्जर हुकला तरी पुढच्यापर्यंत पोचता येईल एवढी शिल्लक ठेवतो. दोन-तीन कंपन्यांची ॲप आधीच टाकून त्यांत दोनशे-दोनशे रुपये भरून ठेवा. पेट्रोल पंपाच्या मागे मोबाइलला रेंज नसताना ओटीपीची वाट बघण्यात मजा नाही.

चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलंय म्हणून तेवढ्या वेगाने भरेल असंही नाही. किती घ्यायचं ते गाडी ठरवते, आणि छोटी मालवाहू गाडी त्यातला थोडाच हिस्सा घेते. ८० टक्क्यांच्या पुढे ती आणखी हळू होते. मागे दुसरी गाडी थांबली असेल तर तिथेच प्लग काढणं बरं.

बिघाड

दोन गोष्टी सांगून ठेवतो. गाडी अचानक पूर्ण मेली, किल्लीला प्रतिसादच नाही, तर मोठ्या बॅटरीचा संशय घेण्याआधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. माझ्याकडे सर्व्हिस सेंटरने तीन दिवस गाडी ठेवून घेतली आणि शेवटी तीच बदलली. आणि गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोरी बांधून नेऊ नका. मागची चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतलं जळू शकतं. चारही चाकं उचलणारी गाडीच मागवा.

हौद्याला जाळी किंवा वाढीव फळ्या बसवायच्या असतील तर कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला नेण्याआधी कंपनीच्या माणसाकडून बॅटरीचं कनेक्शन सोडवून घ्या. चेसिसला भोक पाडताना बॅटरी नेमकी कुठे आहे ते दाखवून द्या. केशरी रंगाच्या केबलला हात लावायचा नाही, हे फिटरला दोनदा सांगा.

पाणी चढायला लागलं की

आमच्या गल्लीतल्या भिंतीवर २०१९ च्या महापुराची रेघ अजून आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. सांगलीत गाडीचा प्लग कुठे बसवायचा हे त्या रेघेला विचारून ठरवायचं. माझं सॉकेट रेघेच्या वर आहे, चार्ज करताना हात उंच करावा लागतो, चालतं. मुख्य स्विच त्याच्याही वर.

पुलाचा आकडा ३५ झाला की मी गाडी पूर्ण भरतो. कारण पुढे कधी लाइट काढतील सांगता येत नाही. ४० ला गाडी कुपवाडला मेहुण्याच्या दारात उंचावर जाते आणि पाणी उतरेपर्यंत परत येत नाही. बॅटरी आणि मोटर पाणी आत जाऊ नये अशी बंद केलेली असतात, घोटाभर साचलेल्या पाण्यातून गाडी जाते. पण चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर घालू नका, वाहत्या पाण्यात तर नाहीच.

आणि गाडी पुरात उभी राहिलीच, तर पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून बघायचा मोह होतो. फिरवू नका. प्लगही लावू नका. आधी विमा कंपनीला कळवा, जागेवरच फोटो काढा, गाडी उचलून वर्कशॉपला न्या आणि बॅटरीचं इन्सुलेशन तपासल्याचा लेखी रिपोर्ट हातात आल्यावरच ती चालू करा.